दाट द्रावणात प्रोटीन एकमेकांना हलकंसं धरतात, ते मोजायचं कसं?

प्रश्न असा आलाय की एक अँटिबॉडी आहे, ५ मिलीग्रॅम प्रति मिलीला अगदी गुणी, एसईसीवर (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर) ९९ टक्के मोनोमर म्हणजे सुटे रेणू, आयटीसीत (बाइंडिंगची उष्णता मोजण्यात) सपाट रेघ, पण १५० ला नेली की मधासारखी घट्ट होते, आणि डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून रेणू किती पटकन हलतात आणि त्यातून साइज काढणारी पद्धत) २० ला साइज कमी झाल्यासारखी दाखवतं नि १५० ला एकदम मोठी दाखवतं. तर ही वीक इंटरॅक्शन मोजायची कशी आणि तिचा डिसोसिएशन कॉन्स्टंट (पकडीचा आकडा, जितका मोठा तितकी पकड सैल) किती धरायचा? माझी बरीच वर्षं लाइट स्कॅटरिंग आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजवरच गेलीत आणि हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडी आकडेमोड करू, त्यातच अर्धं उत्तर मिळतं. अँटिबॉडी साधारण १५० किलोडाल्टन, म्हणजे १५० मिलीग्रॅम प्रति मिली म्हणजे बरोबर १ मिलिमोलर. आता समजा दोन अँटिबॉडी मिळून डायमर होतो आणि त्याचा डिसोसिएशन कॉन्स्टंटही १ मिलिमोलरच आहे, म्हणजे पकड अगदी सैल. तर १ मिलीग्रॅमला जेमतेम १.३ टक्के रेणू डायमरमध्ये असतील, ५ ला साधारण ६ टक्के, आणि १५० ला थेट निम्मे. आता एसईसीचा विचार करा, कॉलममध्ये सँपल आणखी कितीतरी पट पातळ होतं आणि इतकी सैल जोडी क्षणात सुटते, त्यामुळे पीक मोनोमरचाच येणार. एसईसी खोटं बोलत नाहीये, ते पातळ केलेल्या सँपलबद्दल खरं सांगतंय, आपण विचारलं होतं घट्ट सँपलबद्दल. आयटीसीचंही तेच, मिलिमोलर बाइंडिंगला कर्व्ह यायला जितकं प्रोटीन लागेल तितकं घातलं की डायल्यूशनची उष्णताच सगळं झाकून टाकते. एसपीआरमध्ये (एक रेणू पृष्ठभागावर बसवून दुसरा त्यावरून वाहवतात ती पद्धत) मिलिमोलर अँटिबॉडी वाहवली तर रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स बदलल्याचा बल्क सिग्नल एवढा मोठा येतो की खालचं बाइंडिंग त्यात हरवून जातं. म्हणून या तिन्ही ठिकाणी 'काही नाही' आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरा हिशोब अंतराचा. १ मिलिमोलरला प्रत्येक रेणूच्या वाट्याला साधारण १६६० घन नॅनोमीटर जागा येते, म्हणजे एका रेणूच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत सुमारे १२ नॅनोमीटर. आणि अँटिबॉडीचा हायड्रोडायनॅमिक व्यास, म्हणजे द्रावणात हलताना जाणवणारा व्यास, आहे १० ते ११ नॅनोमीटर. राहिली किती फट? एक-दीड नॅनोमीटर. खच्चून भरलेल्या खोलीत कोण कोणाला खेटून उभं आहे ते बघून दोस्ती कोणाची हे ठरवता येत नाही, तिथे सगळेच खेटून आहेत. आपलं खरं काम हे आहे की दोस्ती किती आणि गर्दी किती हे वेगळं काढायचं, आणि माझा अनुभव असा की कुठल्याही एकाच पद्धतीने हे वेगळं निघत नाही. मॉडेल आधी निवडायला लागतं आणि मग आकडा त्या मॉडेलचा येतो, प्रोटीनचा येत नाही.

हे हवेत बोलत नाहीये, करून बघा. स्टॅटिक लाइट स्कॅटरिंगमध्ये दाट द्रावणातून येणारा प्रकाश सुट्या रेणूंच्या बेरजेपेक्षा कमी असतो, कारण गर्दीमुळे रेणूंची मांडणी जास्त एकसारखी होते आणि कॉन्सन्ट्रेशनचे चढउतार दबले जातात. किती कमी, हे सांगतो शून्य कोनातला स्ट्रक्चर फॅक्टर. रेणू म्हणजे कडक गोळे धरले तर कार्नाहान-स्टार्लिंगच्या सूत्राने तो हातानेसुद्धा काढता येतो. आता १५० मिलीग्रॅमला गोळ्यांनी किती टक्के जागा व्यापली? कोरड्या प्रोटीनचा ०.७३ मिली प्रति ग्रॅम हा आकडा धरला तर ११ टक्के, आणि स्ट्रक्चर फॅक्टर येतो सुमारे ०.४२. पण हायड्रोडायनॅमिक त्रिज्या ५.४ नॅनोमीटर घेऊन गोळा काढला तर तोच आकडा २.६ मिली प्रति ग्रॅमच्या वर जातो, व्यापलेली जागा ४० टक्के, आणि स्ट्रक्चर फॅक्टर ०.०४. द्रावण तेच, कॉन्सन्ट्रेशन तेच, फक्त गोळ्याची त्रिज्या बदलली आणि अपेक्षित स्कॅटरिंगमध्ये दहापट फरक. अँटिबॉडी तर वाय आकाराची, तिच्या हातांमधल्या पोकळीत दुसरीचा हात घुसतो, म्हणून खरी किंमत या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. आता मोजलेला आकडा समजा ०.२ आला, तर एक जण म्हणेल हे तर ०.४२ पेक्षा कमी, म्हणजे रिपल्शन आहे, आणि दुसरा म्हणेल ०.०४ पेक्षा किती जास्त, म्हणजे जोरदार असोसिएशन आहे. दोघांचं गणित बरोबर आहे. डिसोसिएशन कॉन्स्टंट किती धरायचा या प्रश्नाची खरी अडचण ही आहे.

याच कारणाने मी हिमोग्लोबिनचं उदाहरण नेहमी देतो. ते जवळपास गोल आहे, लाल पेशीत सुमारे ३३० ग्रॅम प्रति लिटर भरलेलं असतं, आणि त्याच्या ऑस्मॉटिक प्रेशरची मोजमापं अडेअरने १९२० च्या दशकातच खूप घट्ट द्रावणापर्यंत करून ठेवलीत. रॉस आणि मिंटन यांनी १९७७ साली दाखवलं की हिमोग्लोबिनचा बराचसा नॉनआयडिअल वागणुकीचा भाग कडक गोळ्यांच्या गर्दीने समजावता येतो. तिथे आकार साथ देतो म्हणून जमलं. अँटिबॉडी, लांबट प्रोटीन, लवचिक लिंकर असलेलं काहीही, तिथे ही चैन नाही.

मग सुरुवात कुठून करायची, तर पातळ बाजूने. सेकंड व्हिरिअल कोएफिशियंट (दोन रेणू एकूणात एकमेकांना ढकलतात की ओढतात हे सांगणारा आकडा) आणि डीएलएसचा केडी. इथे एक गोंधळ आधी मिटवतो, डिसोसिएशन कॉन्स्टंटलाही लोक केडी म्हणतात आणि डीएलएसच्या इंटरॅक्शन पॅरामीटरलाही केडी म्हणतात, आणि मी अशा मीटिंगमध्ये बसलोय जिथे अर्धा तास दोन गट वेगवेगळ्या केडीवर वाद घालत होते. पुढे मी केडी म्हणेन तो डिफ्यूजनचा. डिफ्यूजन कोएफिशियंट कॉन्सन्ट्रेशनबरोबर किती टक्के बदलतो एवढंच तो सांगतो. केडी जर १० मिली प्रति ग्रॅम असेल तर १० मिलीग्रॅमला डिफ्यूजन १० टक्क्यांनी वाढतं, २० ला २० टक्क्यांनी. तुमची साइज २० ला कमी का दिसली याचं उत्तर हेच आहे, ५.४ नॅनोमीटरची त्रिज्या १.२ ने भागली की ४.५ येते, मशीनला वाटतं रेणू लहान झाले, खरं तर ते एकमेकांना ढकलतायत म्हणून पटापट पसरतायत. बरेच जण ०.५ ते २ मिलीग्रॅममध्ये चार पॉइंट घेऊन केडी काढतात, तिथे सगळा बदल मिळून दीड-दोन टक्के, डीएलएसची अचूकता पण तेवढीच, मग उतार म्हणजे निव्वळ नॉइज. १५-२० मिलीग्रॅमपर्यंत जा, आणि रेघ वाकायला लागली तर तिथे थांबा.

अजून एक, केडी शून्य म्हणजे इंटरॅक्शन शून्य असं नसतं. केडीत व्हिरिअल कोएफिशियंटच्या टर्ममधून घर्षणाची आणि रेणूच्या आकारमानाची टर्म वजा झालेली असते, त्यामुळे केडी थोडासा निगेटिव्ह असताना सुद्धा रेणू एकूणात एकमेकांना ढकलतच असू शकतात. आणि फिट करताना व्हिस्कॉसिटी सॉल्व्हंटची म्हणजे बफरची घालायची, सँपलची घालायची नाही, ही चूक मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलीये. सँपलची व्हिस्कॉसिटी घातली की उतारातली माहितीच पुसली जाते.

पण पातळ बाजूचे आकडे १५० ला काय होईल ते सांगतातच असं नाही, आणि तुमची केस तीच दिसतेय. पातळ असताना पॉझिटिव्ह चार्जमुळे रेणू लांबूनच एकमेकांना दूर ठेवतात. आयनिक स्ट्रेंग्थ १० मिलिमोलर असताना डिबाय लेंग्थ, म्हणजे चार्जचा प्रभाव किती लांब पोचतो ते अंतर, साधारण ३ नॅनोमीटर असते, १५० मिलिमोलरला ०.८. आता बघा, १ मिलिमोलर अँटिबॉडीवर प्रत्येकी समजा २० चार्ज असतील तर त्यांच्याबरोबर २० मिलिमोलर काउंटरआयन आपोआप येतात, तुमच्या १० मिलिमोलर हिस्टिडीन बफरमध्ये जेवढे आयन आहेत त्यापेक्षा हे जास्त झाले. म्हणजे प्रोटीन स्वतःच स्वतःचा चार्ज झाकायला लागतं, आणि फट उरलीये एक-दीड नॅनोमीटरची, मग जवळून लागणारे चिकट डाग, हायड्रोफोबिक असोत की उलट चार्जचे ठिपके, ते कामाला लागतात. पातळ द्रावणात रिपल्शन आणि घट्ट द्रावणात चिकटणं, दोन्ही एकाच रेणूबद्दल खरं असतं. म्हणून घट्ट बाजूला मोजल्याशिवाय इलाज नाही.

आता घट्ट बाजूला मोजायचं तर आधी सँपल. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि इतरांनीही घालवावा असं मनापासून वाटतं. एकदा आमच्याकडे एका नवीन मुलीचे दोन दिवसांचे कर्व्ह एकमेकांवर बसेचनात, एक दिवस आकर्षण, दुसऱ्या दिवशी रिपल्शन, तिने बफर बदलले, फिल्टर बदलले, रडकुंडीला आली. शेवटी मी तिच्या शेजारी उभा राहिलो, तिने १५० चं सँपल साध्या पिपेटने सोडलं आणि मी म्हटलं ती टिप जरा उजेडात धर. टिपच्या आतल्या भिंतीवर पातळ थर होता आणि तो हळूहळू खाली ओघळून टोकाला थेंब होऊन बसला. तो थेंब म्हणजे प्रत्येक डायल्यूशनमधली चूक, आणि चूक दर वेळी वेगळी, कारण कधी ती थांबायची, कधी नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे घट्ट सँपल वजनानेच पातळ होतं. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट वापरा, पण तरीही ट्यूब तराजूवर ठेवा. १५० च्या सँपलची घनता साधारण १.०४ असते, तेवढं करेक्शन घाला.

कॉन्सन्ट्रेशनचंही तसंच. अँटिबॉडीचं २८० नॅनोमीटरचं अॅब्झॉर्बन्स १ मिलीग्रॅमला सुमारे १.४, म्हणजे १५० ला २१०, कुठलाही डिटेक्टर हे बघू शकत नाही. वजनाने २०० पट पातळ करून मोजा किंवा ०.०५ मिलिमीटरच्या पाथलेंग्थला मोजा, आणि शक्य असेल तर दोन्ही करा, शिवाय रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स घ्या, प्रोटीनसाठी तो प्रति ग्रॅम प्रति मिली साधारण ०.१८५ ने वाढतो. तिन्ही जुळले की पुढे जा. बफरचा पीएच घट्ट सँपलमध्येच मोजा, बाहेरच्या बफरमध्ये मोजून गृहीत धरू नका, कारण मेम्ब्रेनवर घट्ट करताना डोनन इफेक्टमुळे पॉझिटिव्ह प्रोटीन आतल्या पॉझिटिव्ह आयनांना बाहेर ढकलतं, पीएच वर सरकतो आणि हिस्टिडीन ठरवलेल्यापेक्षा कमी भरतं. मग तुम्ही ज्याला इंटरॅक्शनचा परिणाम म्हणताय तो पीएचचा परिणाम असू शकतो. धुळीबद्दल एवढंच, फिल्टर केल्यावर पुन्हा कॉन्सन्ट्रेशन मोजा, फिल्टर थोडं प्रोटीन गिळतो.

आता पद्धती. दाट द्रावणाचं स्टॅटिक स्कॅटरिंग (एसएलएस), ऑस्मॉटिक प्रेशर, किंवा एसएएक्सएसमधला (लहान कोनातल्या एक्स-रे स्कॅटरिंगमधला) शून्य कोनाकडचा भाग, ही तिन्ही खरं तर एकच गोष्ट मोजतात, ऑस्मॉटिक कॉम्प्रेसिबिलिटी, म्हणजे द्रावणातले रेणू आणखी जवळ दाबणं किती सोपं आहे ते. म्हणून एसएलएस आणि एसएएक्सएस जुळले याने तुमचं मोजमाप बरोबर आहे हे कळतं, मॉडेल बरोबर आहे हे कळत नाही. दुसरा आकडा वेगळ्या जातीचा पाहिजे, आणि माझ्या मते तो सेल्फ डिफ्यूजनचा घ्यावा. डीएलएस मोजतं ते कलेक्टिव्ह डिफ्यूजन, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनचा उंचवटा किती पटकन सपाट होतो. एक खुणेचा रेणू गर्दीतून वाट काढत किती सरकतो हे ते सांगत नाही, ते कळतं पल्स्ड फील्ड ग्रेडियंट एनएमआरने किंवा फ्लुओरेसन्स कोरिलेशनने. नुसतं रिपल्शन असेल तर कॉन्सन्ट्रेशन वाढवताना कलेक्टिव्ह वर जातं आणि सेल्फ खाली येतं, दोघांची फारकत होते. चिकटणं असेल तर दोन्ही खाली येतात आणि सेल्फ तर गर्दीच्या अंदाजापेक्षा फारच खाली. तुमची १५० ची 'मोठी साइज' यातच बसते, पण नुसत्या डीएलएसवरून ती क्लस्टरमुळे की एकूणच सगळं मंदावल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे ट्रेसर सेडिमेंटेशन इक्विलिब्रियम, रिवास आणि मिंटन यांनी ही दाट द्रावणांसाठी फार छान वापरलीये. सगळं प्रोटीन बिनलेबलचं, त्यात मायक्रोमोलरपेक्षाही कमी लेबल केलेलं तेच प्रोटीन, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फक्त लेबलची वाटणी बघायची. नेहमीच्या ऑप्टिक्सला १५० मिलीग्रॅमचं ग्रेडियंट झेपत नाही, प्रकाशच वाकतो, पण ट्रेसर दिसतो. एकूण कॉन्सन्ट्रेशन वाढवत नेलं की नुसत्या गर्दीत ट्रेसरचं भासमान वजन उतरत जातं, असोसिएशन असेल तर ते सपाट राहतं किंवा वर चढतं. यात घाई चालत नाही, घट्ट सँपलला इक्विलिब्रियमला यायला खूप वेळ लागतो, सलग दोन स्कॅन एकमेकांवर बसेपर्यंत थांबायचं. आणि डाय स्वतःच चिकट नाही ना हे बघायला लेबलचं प्रमाण निम्मं करून आणि शक्य असेल तर दुसऱ्या डायने पुन्हा करायचं. हे कंट्रोल न केलेल्या डेटावर मी विश्वास ठेवत नाही.

लहान प्रोटीन असेल तर एनएमआरसारखं काही नाही, मिलिमोलर बाइंडिंग तिथे रोजचंच, शिवाय कुठला भाग चिकटतोय ते रेसिड्यूपर्यंत, म्हणजे एकेका अमिनो आम्लापर्यंत, कळतं. पॅरामॅग्नेटिक रिलॅक्सेशनने तर काही टक्केच लोकसंख्या असलेले क्षणिक कॉम्प्लेक्स दिसतात, २००६ मध्ये टांग, इवाहारा आणि क्लोर यांनी ते दाखवलं. पूर्ण अँटिबॉडीला हे अवघड आहे, फॅब तुकडा (अँटिबॉडीचा एक हात) वेगळा करून बघता येईल.

एसएएक्सएसबद्दल एक सावधगिरी. लायसोझाइमच्या घट्ट, कमी मिठाच्या द्रावणात एक पीक येतो. २००४ मध्ये एका गटाने सांगितलं की कॉन्सन्ट्रेशन बदललं तरी पीक जागचा हलत नाही, म्हणजे क्लस्टर आहेत. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने पुन्हा मोजलं आणि म्हटलं की पीक हलतो, रिपल्शनने एवढं समजावता येतं, क्लस्टर मानायची गरज नाही. पुढे न्यूट्रॉन स्पिन एकोने हालचाल बघितल्यावर कॉन्सन्ट्रेशननुसार क्षणभर टिकणाऱ्या क्लस्टरचं चित्र पुढे आलं. इतकं अभ्यासलेलं, इतकं साधं प्रोटीन, आणि तरी नुसत्या मांडणीच्या कर्व्हवरून निकाल लागला नाही, हालचाल बघावीच लागली.

तुमच्याकडे २ मिली सँपल आहे असं धरून मी काय करेन ते सांगतो. वजनाने १५० पासून खाली आठ-दहा डायल्यूशन, प्रत्येकाचं कॉन्सन्ट्रेशन नीट. सगळ्यांवर डीएलएस आणि एसएलएस एकाच क्युव्हेटमध्ये, एकाच तापमानाला, मग तेच सँपल व्हिस्कॉसिटीला. हे सगळं पुन्हा १५० मिलिमोलर मीठ घालून, आणि तिसऱ्यांदा आर्जिनिन हायड्रोक्लोराइड घालून. मिठाने व्हिस्कॉसिटी उतरली आणि स्कॅटरिंगही उतरलं तर उलट चार्जचे ठिपके एकमेकांना धरत होते असं समजा, मिठाने स्कॅटरिंग वाढलं पण व्हिस्कॉसिटी तशीच राहिली तर चिकटपणाचं मूळ दुसरीकडे शोधा, आर्जिनिनने काय होतं ते तिथे बोलकं असतं. १५० चं सँपल ५ पर्यंत पातळ करून लगेच आणि एक तासाने पुन्हा मोजा, दोन्ही वेळा मूळ मोनोमर परत आला तर ही रिव्हर्सिबल बाब आहे, नाही आला तर तुमच्याकडे अॅग्रिगेशन आहे आणि मग प्रश्नच वेगळा. त्यानंतर सेल्फ डिफ्यूजन किंवा ट्रेसर, जे मिळेल ते. आणि डिसोसिएशन कॉन्स्टंट रिपोर्टमध्ये लिहायचाच असेल तर दोन्ही टोकांच्या त्रिज्या घालून येणारी रेंज लिहा, शेजारी कुठलं मॉडेल, डायमरच का धरला, पीएच कुठे मोजला हे लिहा, म्हणजे पुढचा माणूस तोच सँपल घेऊन बसला तर त्याला तुमच्याच जागेवरून सुरुवात करता येईल.